मेडनला पुन्हा बघायला जाऊ, की ती आठवण तशीच जपू?

पत्र, थोडक्यात : पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या ४१ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीच्या मैदानावर त्यांनी आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा कार्यक्रम पाहिला. तेव्हा पहिली नोकरी होती, अंधेरीला पीजीत राहत होत्या आणि सोबत एकच मैत्रीण होती. त्या संध्याकाळी वाटलं तितकं मोकळं आपल्याला नंतर कधीच वाटलं नाही, असं त्या लिहितात. पुढे लग्न, मुलगी, नोकरीतली जबाबदारी आली आणि गाणी ऐकणं आपोआप सुटलं. ती मैत्रीण आता इंग्लंडमध्ये असते. ११ जुलैला लंडनच्या उत्तरेला नेबवर्थ इथे मेडनचा कार्यक्रम आहे, त्याची दोन तिकिटं तिने काढून ठेवली आहेत आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळव म्हणते. राहणं तिच्याकडेच, तरी विमान आणि व्हिसा धरून दीड लाखाच्या पुढे खर्च जाईल. नवऱ्याचं म्हणणं, जायचंच तर तिघंही जाऊ, दहा दिवसांची युरोपची टूर करू. सासूबाईंचं म्हणणं, गाण्याच्या एका कार्यक्रमासाठी कोणी परदेशात जातं का? 'या वयात शोभेल का', 'स्वतःवर एवढे पैसे', 'पुढच्या वेळी बघू' हेही त्यांच्या मनात घोळतंय. आणि त्यांची स्वतःची भीती वेगळीच आहे : 'बँड म्हातारा झालाय, निको ड्रमवर नाही. खरा मेडन मी बघितलाय, आता जे असेल ती नक्कल. आहे ती आठवणही बिघडली तर?'

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातल्या 'खरा मेडन' या शब्दांपाशी मी थांबले. तिथूनच सुरुवात करू, कारण बाकीच्या बऱ्याच शंका त्यातूनच निघाल्या आहेत.

२००८ च्या त्या दौऱ्याचं नावच 'समव्हेअर बॅक इन टाइम' होतं. मंचावर इजिप्त उभा केला होता, तो १९८४-८५ च्या त्यांच्या 'वर्ल्ड स्लेव्हरी' दौऱ्यावरून घेतलेला. 'फिअर ऑफ द डार्क' सोडलं तर त्या रात्रीची सगळी गाणी ऐंशीच्या दशकातली. म्हणजे तुम्ही ज्याला खरा मेडन म्हणता, तो बँड त्या संध्याकाळी स्वतःच वीस-पंचवीस वर्षं मागे जाऊन वाजवत होता. तुम्ही तेव्हा २३ वर्षांच्या होतात आणि त्यांना पहिल्यांदाच बघत होतात, म्हणून तुमच्यासाठी ते सगळं ताजं होतं. ऐंशीच्या दशकात लंडनला त्यांना ऐकलेला कोणी तुमच्या शेजारी उभा असता, तर त्याच्या मनात तुमचीच आजची शंका असती. आणि तुम्हाला मात्र आयुष्यभर पुरेल एवढं मिळालं.

दुसरं, तेव्हा गाणारा ब्रूस डिकिन्सन ४९ वर्षांचा होता. आज तुम्ही जेवढ्या आहात, त्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. बँड उभा करणारा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस ५१ चा होता. तो दौरा मुंबईतूनच सुरू झाला. वाद्यं, माणसं, सामान सगळं एका बोइंग ७५७ मध्ये भरून आलं आणि ते विमान चालवणाऱ्यांत खुद्द डिकिन्सन होता. तुम्ही त्याला वय विचारलं नव्हतं. 'या वयात शोभेल का' या तुमच्या प्रश्नावर मला याहून जास्त काही म्हणायचं नाही.

आता निकोबद्दल. निको मॅकब्रेनची जागा भरणं सोपं नाही, हे मान्यच. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजव्या बाजूवर परिणाम झाला, आणि तरीही तो जवळपास दोन वर्षं दौऱ्यांवर वाजवत राहिला. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोला त्याने दौऱ्यांचा निरोप घेतला. आता त्याच्या जागी सायमन डॉसन आहे, हॅरिसच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमधला. पण निको तरी मूळचा कुठे होता? पहिल्या तीन अल्बमवर ड्रमला क्लाइव्ह बर होता, निको आला १९८२ च्या शेवटी. पहिले दोन अल्बम गायला तो पॉल डिआनो. डिकिन्सन त्याच्यानंतरचा. तोही १९९३ मध्ये बँड सोडून गेला आणि १९९९ मध्ये परतला, मधली वर्षं ब्लेझ बेली गायला. १९७५ च्या नाताळात लंडनच्या पूर्व भागात हा बँड सुरू झाला, तेव्हापासून आजवर टिकलेला माणूस एकच, स्टीव्ह हॅरिस. अमुक माणसं असतील तरच मेडन, असं धरलं तर तुमच्या लाडक्या अल्बममधले निम्मे बाद होतील. डॉसनचं वाजवणं निकोसारखं नाही आणि तुमच्या कानाला ते लगेच कळेल. ते कळू द्या. आवडलं नाही तर तसं म्हणा. पण ऐकायच्या आधीच त्याला नक्कल ठरवू नका.

आवाजाचंही तसंच. डिकिन्सनच्या जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ निघाली होती. २०१५ मध्ये उपचार झाले आणि २०१६ मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर होता. यंदा ऑगस्टमध्ये तो ६८ चा होईल. २३ वर्षांच्या कानांनी ऐकलेला आवाज जसाच्या तसा मिळेल, असं मी सांगणार नाही. पण तुम्ही पुण्यात राहता. सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेनजींना भर उमेदीत ऐकलेली कितीतरी माणसं त्यांच्या उतारवयातही तितक्याच ओढीने मांडवात येऊन बसायची. पूर्वीची दमदार तान आता नाही, हे त्यांना ठाऊक असायचं. तरी एखादा स्वर असा लागायचा की सगळा मांडव स्तब्ध व्हायचा. थकत चाललेल्या कलावंताला कसं ऐकायचं, हे आपल्याकडच्या श्रोत्याला शिकवावं लागत नाही. रॉकच्या बाबतीतच आपण ते का विसरतो, कळत नाही. कदाचित रॉक म्हणजे तारुण्य असं आपणच ठरवून टाकलंय.

दुसऱ्यांदा बघितलं की पहिल्याची गोडी जाते, असाही काही नियम नाही. गन्स एन' रोझेस हा अमेरिकन रॉक बँड डिसेंबर २०१२ मध्ये मुंबईत आला, तेव्हा त्याचे गाजलेले जुने वादक, गिटारिस्ट स्लॅश आणि बेसिस्ट डफ मॅकॅगन, बँडमध्येच नव्हते. मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर तोच बँड त्या दोघांसह वाजला. तेरा वर्षांनी, तेरा वर्षांनी म्हातारा झालेला, आणि तरी जुन्या चाहत्यांना हवा होता तो बँड दुसऱ्या वेळी मिळाला.

'पुढच्या वेळी बघू' याबद्दलही एक सांगते, तेही नेबवर्थचंच. ९ ऑगस्ट १९८६ ला याच मैदानावर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला. गायक फ्रेडी मर्क्युरीचा बँडसोबतचा तो शेवटचा कार्यक्रम ठरला. मैदानात आलेल्या एकालाही त्या दिवशी ते माहीत नव्हतं. (फ्रेडी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पहिला बँडही त्याने तिथेच केला. पाचगणीला जाणाऱ्या पुणेकरांना हे अनेकदा माहीत नसतं, म्हणून सांगितलं.) मी घाबरवत नाही. मेडन या जुलैनंतरही वाजवत राहोत. पण सत्तरीच्या आसपास पोहोचलेल्या माणसांच्या बाबतीत पुढची वेळ गृहीत धरू नये, एवढंच.

हे सगळं वाचून लगेच हो कळवू नका. त्याआधी एक गोष्ट करा, ती तुमच्यासारख्या प्रत्येकाने करावी असं मला वाटतं. तुम्हाला तो बँड अजून आवडतो का, हे तपासा. तुम्ही लिहिलंय की गाणी सुटली. सुटलेली गोष्ट कधी वेळ नाही म्हणून सुटते, कधी आवड सरली म्हणून. दोन्हींत फार फरक आहे आणि तुमच्या पत्रावरून मला तो कळत नाही. 'पॉवरस्लेव्ह' हा अल्बम काढा. गाणी मागेपुढे न करता, स्वयंपाक करताना नाही, हेडफोन लावून एकटीने सलग ऐका. शेवटी 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' आहे, तेरा मिनिटांहून मोठं. ते त्यांनी २००८ ला मुंबईत वाजवलं होतं आणि नेबवर्थचा कार्यक्रम ज्या दौऱ्यातला आहे, त्यातही २०२५ मध्ये वाजवलं. मध्यावर सगळा गोंगाट थांबतो. ड्रम नाहीत, जहाजाची लाकडं करकरतात, खाली बेस अगदी हळू चालू असतो आणि गाणं ज्या कोलरिजच्या कवितेवर बेतलंय तिच्या ओळी कोणीतरी नुसत्या बोलतं. मग इंचाइंचाने सगळं पुन्हा वर चढत जातं. त्या शांत भागात तुमचा हात फोनकडे गेला, ऑफिसचा मेल आठवला, तर ते तुमच्या मनाने दिलेलं उत्तर समजा. मग मैत्रिणीला भेटायला वेगळ्या वेळी, स्वस्तात जा. त्यात कमीपणा नाही. आवड बदलते, आणि तेव्हाच्या आनंदाला त्याने काही बाध येत नाही.

पण चढाव सुरू व्हायच्या आधीच अंगावर काटा आला, तर पुढचं वाचा. या दौऱ्यात १९८० ते १९९२ मधल्या पहिल्या नऊ अल्बममधलीच गाणी घेतली आहेत, तेव्हा नवीन काही पाठ करायची गरज नाही. उपचारांनंतरचा आवाज कसा आहे याची कल्पना हवी असेल, तर २०१९ मध्ये मेक्सिको सिटीत ध्वनिमुद्रित झालेला त्यांचा अधिकृत लाइव्ह अल्बम ऐका. प्रेक्षकांनी फोनवर काढलेले व्हिडिओ बघून आवाजाची परीक्षा करू नका. फोनचा माइक त्या आवाजाचा पार चुरा करतो.

आता घरचं. मला खरी अडचण इथे दिसते.

तुमच्या यजमानांचा हेतू वाईट नाही, हे पत्रावरून दिसतंच. त्यांनी 'जाऊ नको' म्हटलेलं नाही. पण काय झालंय बघा. तुम्हाला एक संध्याकाळ हवी होती. तिची दहा दिवसांची टूर झाली, दीड लाखाचे सहा-सात लाख झाले, आणि मग ते परवडत नाही म्हणून ती संध्याकाळही गेली. आपल्या घरांमध्ये हे फार होतं, बायकांच्या बाबतीत जास्तच. एखादी इच्छा सगळ्यांच्या उपयोगाची असेल तरच रास्त. बाईला समुद्र बघायचा असेल तर कुलदैवताचं दर्शनही त्यात बसवायचं. नवऱ्याला मित्रांबरोबर मॅच बघायला मुंबईला जायचं असतं, तेव्हा त्याची कौटुंबिक सहल होत नाही. मी हे त्यांना टोचायला लिहीत नाहीये. त्यांनाही बहुधा हे कधी असं दिसलं नसेल. तुम्ही दाखवा.

काय बोलायचं, तेही सुचवते. 'तुम्ही नको' असं म्हणू नका. म्हणा, 'आपण तिघं मिळून नक्की जाऊ, दिवाळीत किंवा पुढच्या वर्षी, नीट ठरवून. पण ही संध्याकाळ माझी आणि तिची आहे, आणि मला ती तशीच हवी आहे.' एक व्यवहाराची गोष्टही सांगा : ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिस-स्वित्झर्लंड होत नाही, त्याला शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. तिघांचे दोन-दोन व्हिसा जुलैच्या आत उरकायचे म्हणजे नुसती धावपळ. शिवाय, मेडन न आवडणाऱ्या माणसाला सात-आठ तास मैदानात उभं करून तुम्ही एकही गाणं मनासारखं ऐकू शकणार नाही. दर दहा मिनिटांनी त्याच्या तोंडाकडे बघाल. मुलगी म्हणाली 'मलाही यायचंय', तर मात्र विचार करा. पण ती खरंच ऐकत असेल तरच, केवळ तुम्हाला अपराधी वाटतंय म्हणून नाही.

सासूबाईंना मी उत्तर देत बसणार नाही, तुम्हीही देऊ नका. त्यांना जे वाटतं ते त्यांच्या काळाला धरून आहे. चार-पाच दिवस घर कसं चालेल, डबा कोण करेल, मुलीला क्लासला कोण सोडेल, हे आधी ठरवून त्यांच्या कानावर घाला. पुष्कळदा विरोध गाण्याला नसतोच, आपल्यावर काय काय पडणार या काळजीचा असतो.

पैशांचं माझं मत स्पष्ट आहे. कर्ज काढून, क्रेडिट कार्डाचे हप्ते पाडून किंवा अडीअडचणीसाठी ठेवलेली एफडी मोडून जाऊ नका. तसं करावं लागत असेल तर उत्तर 'नाही', आणि तो विषय तिथेच संपला. पण घराचा हप्ता, मुलीची फी आणि गाठीची रक्कम बाजूला ठेवून तुमच्या पगारातून हे निघत असेल, तर स्वतःला एवढंच विचारा : याच पैशांचा दागिना केला असता, तर कोणी हिशेब मागितला असता का? 'स्वतःवर एवढे पैसे' ही टोचणी खर्चाची आहे, की खर्च कशावर होतोय त्याची आहे, ते नीट बघा.

ही मैत्रीणही अठरा वर्षांनी बदललेली असेल, हे धरून चला. शक्य असेल तर दोन दिवस आधी पोहोचा. तिच्या स्वयंपाकघरात बसून आधी सगळं बोलून घ्या, आईवडिलांची दुखणी, नोकऱ्या, कोण कुठे आहे. थेट गेटवर भेटलात तर हे सगळं ऐन गाण्यांच्या वेळी वर येईल.

मैदानाचं थोडं. तेवीसाव्या वर्षी तुम्ही पुढे रेटारेटीत घुसला असाल. या वेळी आवाज सांभाळणाऱ्यांचं टेबल जिथे असतं, त्याच्या आसपास उभ्या राहा. सगळी वाद्यं तिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतात आणि धक्केही कमी बसतात. संगीतासाठीचे चांगले इअरप्लग आधीच घ्या. त्याने आवाज कमी होतो पण गढूळ होत नाही, आणि एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. वापरून पायात बसलेले बूट घाला, नवे नकोत. इंग्लंडमध्ये जुलैत नऊ वाजून गेले तरी उजेड असतो आणि पाऊस कधीही येतो. अशा मैदानांत छत्री बहुतेक आत नेऊ देत नाहीत, म्हणून घडी होणारा रेनकोट ठेवा. कार्यक्रम संपल्यावर एवढ्या गर्दीतून बाहेर पडायला फार वेळ लागतो, तेव्हा परतीची शेवटची गाडी कुठली, चुकली तर काय, हे मैत्रिणीकडून आधीच पक्कं करा.

आणि फोन खिशात. या दौऱ्यात बँडनेच प्रेक्षकांना तशी विनंती केली आहे आणि मला ती मनापासून पटते. २००८ मध्ये तुमच्या फोनमध्ये काही चित्रित झालं असेल-नसेल, त्यावाचून तुमचं काहीच अडलं नाही. एक-दोन फोटो काढा आणि पुरे.

नेबवर्थला जाणं ज्यांना शक्यच नाही, त्यांच्यासाठीही दोन शब्द, कारण अशी पत्रं इतरांचीही येतात. तुमचा बँड परदेशीच असला पाहिजे असं नाही. मुंबईच्या रंगभवनातल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाला घाम गाळलेल्यांनी इंडस क्रीड हा बँड ऐकला असेल, रॉक मशीन नावाने सुरू झालेला. १९९७ मध्ये तो थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. इंडिपेंडन्स रॉकही अनेक वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये परत भरला. आपल्याच शहरातला, लोकलने जाता येईल असा एखादा जुना बँड पुन्हा वाजतोय का, यावर लक्ष ठेवा. तिथे तिकीट काढायला घरच्यांची परवानगी आणि वर्षभराची बचत लागत नाही. आणि कुठल्याही कार्यक्रमाचं तिकीट अधिकृत ठिकाणाखेरीज घेऊ नका. २०२४ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांच्या तिकिटांचा कसा काळाबाजार झाला, ते सगळ्यांनी पाहिलंय.

तर मैत्रीण, 'राइम' ऐकून काटा आला आणि पैशांचं गणित बसलं, तर माझं मत जा असं आहे, आणि एकटीनेच जा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. उन्हाळी सुट्टीत अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो, म्हणून महिनाअखेरची वाट न पाहता याच आठवड्यात ठरवा. मैत्रिणीकडून निमंत्रणाचं पत्र, तिच्या पत्त्याचा पुरावा आणि तिकिटाची प्रत मागवून घ्या, ऑफिसकडून रजेचं पत्र घ्या. व्हिसा हातात आल्यावरच विमानाचे पैसे भरा. ११ जुलै शनिवार आहे. परतीचं विमान रविवारचं घेऊ नका, सोमवारचं घ्या.